रविवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं

शनिवार, सकाळी ११.४०. उरले २८ तास ३२ मिनिटं

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर पोचलो तेव्हा बरीचशी शटरं नुकतीच वर गेली होती. रस्त्याचं कागदावरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला निघालेला माणूस ते नाव घेत नाही. भाच्यानं मोबाइलमध्ये यादी करून आणली होती: सहा कोअरचा प्रोसेसर, त्याला चालणारा मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक टीबीची एसएसडी, सगळ्यांना वीज पुरवणारा साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस आणि एका बाजूला काच असलेलं कॅबिनेट. पोरगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन त्यानं बरेचसे पैसे जमवले होते, उरलेले मी घातले.

एसएमपीएसच्या बाबतीत तो अडून बसला. दुकानदार स्वस्तातला दाखवत होता, यानं मॉड्युलरच मागितला. मॉड्युलर म्हणजे केबली सुट्या मिळतात, दोन्ही टोकांना प्लग असतात आणि लागतील तेवढ्याच लावायच्या. मला त्याचं पटलं, आजही पटतं. आम्ही आणलेला एकही भाग खराब नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

शनिवार, दुपारी ४.००. उरले २४ तास १२ मिनिटं

डोंबिवलीला ताईकडे हॉलमध्ये सतरंजी घातली. नव्या खोक्यांना हात लावण्याआधी जुना २०११चा कॉम्प्युटर उघडला आणि त्यातली हार्ड डिस्क काढून घेतली. ती नव्या कॅबिनेटमध्ये बसवायची होती.

त्या डिस्कवर अप्पा होते.

माझे वडील नारदीय कीर्तन करायचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या लहान लहान देवळांतून, रामनवमीला, जन्माष्टमीला, कुणाकडच्या उत्सवात. पुढच्या रांगेत बसणारं कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसायचं आणि नंतर एक प्रत आमच्याकडे पोचवायचं. अशा नव्वद मिनिटांच्या ३८ कॅसेटी साठल्या होत्या. कोकणातल्या हवेनं त्यांच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. २०१३ साली मी एक चांगला डेक मिळवला, तो कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक कॅसेट उतरवून घेतली. कॅसेट जेवढी वाजते तेवढाच वेळ लागतो, घाई करता येत नाही. ५७ तास मी त्या डेकसमोर बसलो. दोन फिती वाजता वाजताच तुटल्या. बाकीच्यांचा चिखल झाला होता. पुढे ताईकडे रंगकाम निघालं तेव्हा त्या टाकून दिल्या, कारण सगळं आता डिस्कवर होतं.

एक आख्यान मला तोंडपाठ आहे, ते आख्यानासाठी नव्हे. पूर्वरंग संपतो, अप्पांच्या गळ्यात हार पडतो, पेटीवाला सूर धरून राहतो आणि अप्पा खोकतात. मग अगदी घरातल्या आवाजात म्हणतात, "जरा पाणी." भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो, आणि पुन्हा ते कीर्तनकार होतात. आमच्या घरात बोलणारे अप्पा फक्त त्या दोन शब्दांत उरले होते.

मिनिटाला साधारण दहा एमबी धरले तर ५७ तासांचे सुमारे ३४ जीबी होतात. चौसष्ट जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मावले असते. असे दोन पेनड्राइव्ह त्या वेळी ताईच्या ड्रॉवरमध्ये पडून होते. बुधवारी अप्पांची पुण्यतिथी होती आणि नवं मशीन सुरू झालं की पहिलं काम कॉपीचं, असं आमचं ठरलेलं होतं.

"अप्पांचं बुधवारी लावता येईल ना रे?" ताईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत लागेल," मी म्हणालो.

शनिवार, संध्याकाळी ७.१५. उरले २० तास ५७ मिनिटं

जोडणी छान चालली होती. प्रोसेसर बसला, पंख्याखाली पेस्ट लागली, रॅम खटकन दोन्ही कड्यांत गेल्या. कॅबिनेटच्या पत्र्यावरचे पितळी स्टँड भाच्यानं बोर्डाच्या भोकांशी मोजून पाहिले. एखादा जास्तीचा स्टँड बोर्डाखाली राहिला तर पाठीमागच्या डाखांना टेकून शॉर्ट होतो, हे त्याला ठाऊक होतं. केबली त्यानं पत्र्याच्या मागच्या बाजूनं फिरवल्या आणि ठिकठिकाणी बांधल्या. हार्ड डिस्कची साटा पॉवरची केबलही त्यातच बांधली गेली. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे हात इतके शांत चालताना बघायला मला फार बरं वाटत होतं.

शेवटचं काम कॅबिनेटच्या बटणाची वायर बोर्डाला जोडण्याचं. बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या उंचीच्या नऊ पिना असतात, दोन ओळींत, दहाव्याची जागा रिकामी. वरच्या ओळीत आधी दिव्याची जोडी आणि तिच्या शेजारी पॉवरच्या बटणाची, सहा आणि आठ नंबरची. तिच्या बरोबर खाली, पाच आणि सात नंबरवर, रीसेटची जोडी. नावं बोर्डावर छापलेली असतात, पण ती मुंगीएवढी, आणि तो कोपरा एसएमपीएसच्या आवरणाच्या सावलीत जातो. या कॅबिनेटला रीसेटचं बटणच नव्हतं, त्यामुळे रीसेटचा वेगळा प्लगही नव्हता. भाचा आडवा झाला, मी मोबाइलचा टॉर्च धरला. पुस्तिका आमच्या बाजूनं उलटी होती.

प्लग खालच्या ओळीत गेला.

शनिवार, रात्री १०.३०. उरले १७ तास ४२ मिनिटं

ताई, भावोजी, शेजारची दोन मुलं, सगळे जमले. ताईनं मशीनला हळदकुंकू लावलं. भाच्यानं एसएमपीएसच्या मागचा खटका चालू केला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही. पंखा हलला नाही, दिवा लागला नाही. त्यानं परत दाबलं, मग धरून ठेवलं. शेजारची मुलं थोडा वेळ थांबून घरी गेली.

इथं बटण काय करतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जुन्या काळच्या मशीनचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं असायचं, थेट वीज तोडायचं-जोडायचं. इंटेलनं १९९५ साली एटीएक्स पद्धत आणली आणि ते बदललं. आता खटका चालू असला की एसएमपीएस बोर्डाला पाच व्होल्टचा एक बारीक पुरवठा सतत देत राहतो. बटण दाबलं की सहा आणि आठ नंबरच्या पिना क्षणभर एकमेकींना जोडल्या जातात. बोर्ड ते ओळखतो आणि चोवीस पिनांच्या मोठ्या प्लगमधल्या सोळाव्या पिनेवरचा व्होल्टेज शून्यावर ओढतो. ती खूण मिळाल्यावरच एसएमपीएस बारा, पाच आणि ३.३ व्होल्टचे मोठे पुरवठे सोडतो. तोवर डिस्कपर्यंत काहीच पोचत नाही. मशीन बंद असेल तर रीसेटच्या पिना कितीही वेळा जोडा, बोर्ड ढिम्म हलत नाही.

बोर्डाच्या कडेला एक केशरी रेघ मंद पेटलेली होती. पाच व्होल्टचा बारीक पुरवठा येतोय, एवढं ती आम्हाला सांगत होती. "मामा, ते शोभेचं आहे," भाचा म्हणाला, आणि मी मान डोलावली.

रविवार, रात्री १.२०. उरले १४ तास ५२ मिनिटं

एक्स्टेंशन बोर्डात टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. दुसरी पॉवर कॉर्ड लावली. चोवीस पिनांचा प्लग काढून परत कड आवाज येईपर्यंत दाबला. प्रोसेसरचा आठ पिनांचा प्लगही तसाच. एक रॅम काढली, मग दुसरी. बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवली.

यातलं काहीही चूक नव्हतं. चूक एवढीच की प्रत्येक वेळी आम्ही त्याच बटणानं तपासत होतो. ज्याच्यावर संशय घ्यायला हवा त्यालाच साक्षीदार केलं होतं.

भावोजी दारात आले. "झोपा आता. सकाळी बघा," म्हणाले. त्यांचं बोलणं योग्य होतं. बंद पडलेलं मशीन कुणाचं काही बिघडवत नाही. ती डिस्क रात्रभर कॅबिनेटमध्ये सुखरूप होती, आणि तिथं महिनाभरही सुखरूप राहिली असती.

रविवार, सकाळी ९.००. उरले ७ तास १२ मिनिटं

भाचा माझ्या आधी उठला होता आणि एसएमपीएस एकटा तपासायची तयारी करून बसला होता. ही तपासणी बरेच कारागीर करतात: चोवीस पिनांचा प्लग बोर्डातून काढायचा, यू-पिन सरळ करून सोळावी पिन शेजारच्या अर्थिंगच्या पिनेला जोडायची. बोर्ड जी खूण देतो तीच आपण हातानं देतो. एसएमपीएस चांगला असेल तर चालू होतो. पूर्वी सोळावी तार हिरवी असायची, आता चांगल्या एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात, म्हणून आकृती बघून मोजावं लागतं. त्यानं दोनदा मोजलं, मी एकदा. यू-पिन लावली, खटका चालू केला.

पंखा फिरला नाही.

"गेलाय," तो म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

एसएमपीएस गेला नव्हता. त्या क्षणी तो व्यवस्थित चालू होता. या जातीच्या एसएमपीएसचा पंखा भार वाढेपर्यंत मुद्दाम थांबवलेला असतो, आवाज होऊ नये म्हणून. नुसती यू-पिन लावल्यावर भार जवळपास नसतोच. खोक्याच्या मागच्या बाजूला हे छापलेलं होतं आणि खोकं आमच्या पाठीशीच भिंतीला टेकून उभं होतं. कॅबिनेटचा एखादा पंखा त्याला जोडला असता तर तो गरगर फिरला असता. मल्टिमीटर लावला असता तर बारा व्होल्ट दिसले असते. आम्ही जो पंखा न फिरण्यासाठीच बनवलेला होता त्याच्याकडे बघून निकाल दिला.

रविवार, सकाळी ११.१०. उरले ५ तास २ मिनिटं

दुकान रविवारी बंद. भाच्याचा एक मित्र ठाकुर्लीला राहतो, त्याच्याकडे जुना पण चालू एसएमपीएस होता, तोही मॉड्युलर, दुसऱ्या बनावटीचा. मित्रानं तो पिशवीत घालून दिला. पिशवीत चोवीस पिनांची केबल होती, प्रोसेसरची होती, ग्राफिक कार्डची होती.

"साटाची सापडत नाहीये," मित्र म्हणाला. "पण तुमची असेलच ना?"

होती.

रविवार, दुपारी १.३०. उरले २ तास ४२ मिनिटं

ताईनं जेवायला हाक मारली, भाचा म्हणाला पाच मिनिटं. मीही त्याला उठवलं नाही.

नवा एसएमपीएस काढून मित्राचा बसवला. चोवीस पिनांची आमची केबल त्याच्या सॉकेटमध्ये जाईचना. आमचा प्लग त्या टोकाला दोन तुकड्यांत होता, त्याचं सॉकेट एकसंध. म्हणून मित्राची केबल लावली. प्रोसेसरचीही त्याचीच लावली. साटाची मात्र सहा पिनांची होती आणि ती सहज बसली, खटकाही बरोबर पडला. पत्र्यामागून बांधलेली केबल सोडवायची गरज उरली नाही.

मॉड्युलर केबलीचं जे टोक डिस्कला किंवा बोर्डाला जातं त्याची रचना ठरलेली आहे. साटाच्या पंधरा पिनांत कुठे पाच व्होल्ट आणि कुठे बारा, हे जगभर एकच. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असा कुठलाच नियम नाही. एक कारखाना पहिल्या पिनेवर बारा देतो, दुसरा तिथंच पाच देतो, तिसरा अर्थिंग. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लगचा प्लास्टिकचा साचा मात्र बहुतेकांचा सारखाच, म्हणून परकी केबल आत जाते आणि खटकाही पडतो. चोवीस पिनांची केबल बसली नाही म्हणून बोर्ड वाचला. कुठल्या पिनेवर काय द्यायचं हे एसएमपीएस बनवणाऱ्यांनी फार पूर्वीच एकत्र बसून ठरवायला हवं होतं. घराघरांतून किती डिस्क अशा गेल्या असतील या विचारानं मला अजून राग येतो.

दुसरा एसएमपीएस तपासताना डिस्क जोडलेली असायची काहीएक गरज नव्हती. न चालणारं मशीन तपासायचं तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवतात, त्यावर प्रोसेसर, एक रॅम आणि वीज, बाकी सगळं सुटं. भाच्याला ही पद्धत माहीत होती. पण एवढ्या सुबक बांधलेल्या केबली सोडवायच्या म्हणजे शनिवारची सगळी संध्याकाळ उसवायची, आणि तिथं त्याचं मन धजलं नाही.

रविवार, दुपारी ३.४५. उरली २७ मिनिटं

खटका चालू केला, बटण दाबलं. पुन्हा काही नाही.

डिस्कच्या पाच व्होल्टच्या पिनांवर आता बारा व्होल्ट सोडणारी केबल लागलेली होती, आणि तरी डिस्कला काही झालं नाही. आमचा प्लग चुकीच्या ओळीत होता, म्हणून बोर्ड एसएमपीएसला खूणच देत नव्हता. ज्या चुकीला आम्ही सतरा तास शोधत होतो तीच चूक अप्पांना सांभाळत होती.

रविवार, दुपारी ४.०९. उरली ३ मिनिटं

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, बटणच खराब असेल तर?"

चोवीस तासांत आम्हाला सुचलेला हा पहिला बरोबर प्रश्न. बटण बाजूला ठेवून पॉवरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं जोडून बघायच्या. यात धोका काही नसतो, त्या पिनांवर जेमतेम पाच व्होल्ट असतात. त्यानं पुस्तिका हातात घेतली आणि या वेळी सरळ धरली. मी टॉर्च धरला. त्यानं प्लग पाहिला, चित्र पाहिलं, परत प्लग पाहिला.

"मामा, हा खालच्या ओळीत आहे."

मी हसलो. मला आठवतंय, मी मोठ्यानं हसलो आणि ताईला हाक मारली. ती ओल्या हातानं धावत आली. भाच्यानं प्लग उपसला, लहान स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि सहा आणि आठ नंबरच्या पिनांना त्याचं टोक टेकवलं.

रविवार, दुपारी ४.१२

पंखे फिरले. तिन्ही पंखे एकदम, आणि पुढचा दिवा पांढरा लखलखला. ताईनं टाळी वाजवली.

त्याच वेळी डिस्कच्या बाजूनं वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. पंख्यांनी एकच फेरा घेतला, मग ते मंदावून थांबले. काचेच्या आत वरच्या बाजूला धुराची एक बारीक रेघ गेली. जळक्या बेकलाइटचा वास आला.

भाच्यानं भिंतीवरचं बटण बंद केलं. त्याला कळलं होतं. माझ्या आधी कळलं होतं.

रविवार, रात्री ९.२०

मित्राचा एसएमपीएस काढला, आमचा परत लावला, त्याच्या त्याच्या केबलींसकट. बटणाचा प्लग वरच्या ओळीत. डिस्क सुटी. भाच्यानं बटण दाबलं आणि मशीन पहिल्या दमात सुरू झालं. बायोसच्या पडद्यावर प्रोसेसर बरोबर दिसला, रॅम सोळा जीबी दिसली, एसएसडी दिसली. साटाच्या चारही पोर्टसमोर 'रिकामं' असं लिहिलेलं होतं.

तो तिथंच सतरंजीवर बसून राहिला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. टॉर्च दोन्ही वेळा मीच धरला होता, आणि ती केबल बसताना मीही पाहिली होती. हे त्याला मी त्या रात्री सांगितलं आणि नंतरही दोनदा सांगितलं.

सोमवार

मुंबईत डेटा काढून देणाऱ्या एका माणसाकडे डिस्क नेली. त्यानं चांदणीच्या खाचेचे स्क्रू काढून खालचा हिरवा बोर्ड सुटा केला आणि भिंगाखाली मला दाखवलं. पॉवरच्या सॉकेटशेजारी दोन लहान काळे डायोड असतात, एक पाच व्होल्टच्या वाटेवर, एक बाराच्या. व्होल्टेज चढलं की ते स्वतः शॉर्ट होतात आणि पुढचं वाचवतात. पुष्कळदा तो एक डायोड काढला की डिस्क परत चालते. इथं डायोड गेलाच होता, पण त्याच्या पुढची मोटर चालवणारी चिपही फुगून तडकली होती. बोर्ड बदलता येतो, तो म्हणाला, पण नुसता नाही. प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं एका आठ पायांच्या चिपमध्ये लिहिलेली असतात, ती जुन्या बोर्डावरून उचलून नव्यावर बसवावी लागते.

ते त्यानं दोन दिवसांत केलं.

बुधवार

सकाळी त्याचा फोन आला. नव्या बोर्डानं डिस्क फिरते, पण वाचत नाही. आत डोक्यांच्या दांडीवर सिग्नल वाढवणारी एक चिप असते, बारा व्होल्ट तिथवर पोचले होते. आता याच मॉडेलची दुसरी डिस्क शोधायची, धूळ नसलेल्या खोलीत दोन्ही उघडायच्या आणि तिची डोकी हिच्यात बसवायची. जुनी डिस्क आहे, मिळायला वेळ लागेल. मिळेलच असं नाही.

ताई अप्पांच्या फोटोला हार घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, जसं मला कळलं तसं. तिनं समईची वात सारखी केली.

"म्हणजे अजून आत आहेत ना ते?" तिनं विचारलं.

"आहेत," मी म्हणालो. "तबकड्यांवर सगळं जसंच्या तसं आहे."